समासातली नोंद

अल्जिअर्स, १२ जुलै १९८६

बाबा, सलाम.

तब्येत बरी असेल अशी आशा आहे. घाईत लिहिते आहे.

आज सकाळी मी आणि मझियान लग्नाचे कागद द्यायला नगरपालिकेत गेलो होतो. डॉक्टरांचे दाखले, रहिवासाचा दाखला, फोटो, सगळं नीट लावून नेलं होतं. माझा जन्माचा दाखला आपल्या गावच्या कचेरीतून परवाच टपालाने आला. पाकीट फोडलं आणि इतर कागदांत ठेवून दिला. वाचला नाही. स्वतःचा जन्मदाखला कोण वाचतं?

खिडकीतल्या कारकुनाने वाचला. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"नवरी कुठाय?"

"मीच."

"तुम्ही? नुआरा, वडील बेलाईद, जन्म चार मे सत्तावन्न?"

"हो."

त्याने दाखला काचेला लावून धरला. "मग हा समास वाचा. मृत्यू, नऊ जानेवारी एकोणसाठ. बाई, मेलेल्या माणसाचं लग्न लावायचा अर्ज सरकारने अजून छापलेला नाही."

मागून रांगेतला एक जण म्हणाला, "लावून टाका हो. निदान ही भांडायची नाही." सगळे हसले. मझियानही हसला. मीही हसले, पण पायऱ्या उतरेपर्यंतच.

बाबा, तुम्हाला तारखा माहीत आहेत, तरी पुन्हा लिहिते. आमची नगरपालिकेतली तारीख २४ ऑगस्ट. मझियानचं सोफिया शहराला जाणारं विमान ६ सप्टेंबरला. तिथे दोन वर्षं शिकायचं आहे. बायकोचं तिकीट आणि खोली हवी असेल तर २७ ऑगस्टच्या आत त्याला पाठवणाऱ्या सरकारी खात्यात नगरपालिकेने दिलेलं लग्नाचं पुस्तक दाखवायचं. त्यानंतर नाही. तो एकटा गेला तर मी इथे दोन वर्षं कोण म्हणून राहू? त्याची आई आत्ताच म्हणते, "एकोणतीस वर्षांची सून आणतोय, आणखी उशीर केलास तर नातवंडं नकोत, तिलाच कडेवर घेईन."

तुम्ही चाळीस वर्षं टपालखात्यात काढलीत, कचेऱ्यांची भाषा तुम्हाला येते. कुणीतरी दुसऱ्याची ओळ माझ्या नावापुढे लिहिली आहे. एक रेघ मारून शिक्का उठवायचा, एवढंच काम. जमेल तितक्या लवकर करा.

तुमची नुआरा


ताला उझ्रू, १९ जुलै १९८६

चि. नुआरा हिला आशीर्वाद.

पत्र गुरुवारी मिळालं. मी कचेरीत जाऊन बघतो. तिथली जुनी रजिस्टरं युद्धाच्या काळातली आहेत, पानं सुटलेली आहेत, अशा गोष्टी होतात. तू पुन्हा अर्ज करू नकोस. फोनही करू नकोस, ती माणसं चिडतात. मझियानच्या आईला काही सांगू नये.

यंदा अंजीर लवकर धरलं आहे. वर्दियाआत्याचा गुडघा तसाच आहे आणि जीभही तशीच. तुझ्या यम्माच्या कबरीवरची माती एका बाजूला खचली होती. दोन दगड बसवले. काल पाणी घालून आलो.

काळजी करू नकोस.

बाबा


अल्जिअर्स, २६ जुलै १९८६

बाबा,

तुम्ही नको म्हणालात तरी मी फोन केला. आठवडा गेला आणि तुमच्याकडून एक ओळ आली नाही. इस्पितळातल्या औषधपेढीचा फोन वापरला. माझ्या वरिष्ठ बाई शेजारीच बसल्या होत्या.

चिटणीस अगदी सभ्यपणे बोलला. म्हणाला, "ताई, आमची चूक नाही. नोंद याच वर्षीची आहे. १९ मार्चला निवेदन झालं, दोन साक्षीदार होते, त्यावरून न्यायाधीशांच्या आदेशाने समासात लिहिलं."

मी विचारलं, "निवेदन कुणी दिलं?"

"वडिलांनी. सही आहे. फार सुंदर अक्षर आहे त्यांचं."

बाबा, तुमचं अक्षर सुंदर आहे हे मला ठाऊक आहे.

कालपासून मी या गोष्टीला वेगळा अर्थ देऊन बघते आहे. मिळत नाही. यम्मा ३ फेब्रुवारीला गेली. घाटात बर्फ होतं, बस खालीच थांबली, मी चालत निघाले तेव्हा लोकांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा तुम्ही कबरीवरून परत आला होतात. तुम्ही मला काही बोलला नाहीत. रागावला नाहीत, जवळही घेतलं नाहीत. पाणी तापवून दिलंत आणि पाय शेकायला सांगितलंत. चाळिसावा झाला, मी परत आले, आणि चार दिवसांत तुम्ही कचेरीत जाऊन मला मेलेली लिहून आलात.

आईच्या मातीला पोहोचली नाही ती मुलगी मेली, असंच ना? की इथे एकटी राहते, तुम्हाला न विचारता मझियानला हो म्हणाली, म्हणून? तारीख १९५९ ची का घातलीत तेही कळत नाही. मी दीड वर्षांचीच मेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणायचं आहे का?

मझियानला मी "चूक आहे, बाबा बघतायत" एवढंच सांगितलं आहे. तो विचारतो, "काय झालं?" मी म्हणते, "बघतायत."

काय बघताय, बाबा?

नुआरा


ताला उझ्रू, १ ऑगस्ट १९८६

नुआरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हे पत्र लांबेल. मला असं लिहिण्याची सवय नाही. जमेल तसं, क्रमाने लिहितो.

तू जन्मण्याआधी आम्हाला एक मुलगी होती. ४ मे १९५७ ला झाली. मी तेव्हा शहरातल्या टपालकचेरीत होतो, मीच तिची नोंद केली. नाव नुआरा. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी मला धरलं. टपालातून निरोप जातात असा संशय होता, आणि तो खरा होता. मला दक्षिणेत कैदेत ठेवलं. त्याच सुमारास त्यांनी आपलं गाव रिकामं केलं आणि सगळ्यांना खाली तारांच्या छावणीत नेलं. तुझी यम्मा, वर्दियाआत्या आणि ती लहान, तिघी एका झोपडीत होत्या.

९ जानेवारी १९५९ ला ती तापाने गेली. वीस महिन्यांची होती. यम्माने आणि आत्याने तिला तारांच्या आतच पुरलं. मृत्यू कळवायचा तर चौकीवर जाऊन अधिकाऱ्याला सांगावं लागे, आणि तो लगेच शिधापत्रिकेवरचं नाव खोडत असे. नाव गेलं की तेवढं पीठ गेलं. म्हणून कळवलं नाही. छावणीत कितीतरी बायांनी असं केलं. मेलेल्या मुलांच्या पिठावर जिवंत माणसं जगली. मला १९६० मध्ये सोडलं तेव्हा छावणीतल्या झोपडीच्या दारात यम्मा एकटी उभी होती आणि शिधापत्रिकेवर तीन नावं होती.

मग तू झालीस. नवीन नोंद करायची तर पहिली मुलगी कुठे हे चौकीवर विचारलं असतं, आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. तुझ्यासाठी नाव तयार होतं, कागद तयार होता. आम्ही तुला त्यात घातलं. स्वातंत्र्यानंतर नीट करू असं ठरवलं होतं. नंतर ते बोलायला कठीण होत गेलं. शाळेत घातलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि कागदावर दहा. मास्तरांना आम्ही सांगितलं, छावणीत खायला नव्हतं म्हणून वाढ खुंटली. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. तू तुझ्या वयाच्या मानाने चांगली उंच होतीस.

यम्माने सत्तावीस वर्षांत तिचं नाव एकदाही काढलं नाही. पण तुला हाक मारताना ती एक क्षण थांबत असे. तुला ते कधी जाणवलं असेल तर कारण हे होतं.

या हिवाळ्यात गावसभेने ठरवलं की छावणीत गेलेल्यांची नावं दगडावर कोरून गावाच्या तोंडाशी लावायची, १ नोव्हेंबरला. यम्मा अंथरुणावर होती. तिला ते कुणीतरी सांगितलं. मला म्हणाली, "तिचं घाला." मी विचारलं, "कुणाचं?" तिने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर चार दिवसांनी गेली.

चाळिसावा झाल्यावर मी कचेरीत जाऊन नाव दिलं. सही केली. दगडासाठी यादी करतायत एवढंच मी समजलो. त्या यादीवरून ते प्रत्येक नाव रजिस्टरात चढवतील, हे माझ्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षं कागदांत काढून मला हे कळायला हवं होतं. त्या दिवसांत माझं डोकं चालत नव्हतं. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

आता मातीचं. त्या मुलीच्या मातीला मीही नव्हतो. मी आलो तेव्हा ती जागा कुठली हेसुद्धा दाखवता येत नव्हतं, कारण सैन्याने तिथून रस्ता नेला होता. तू बर्फातून आलीस त्या दिवशी मी काही बोललो नाही, कारण माझ्या बाबतीत कुणी काही बोलून उपयोग झाला नव्हता. मी तुझ्यावर रागावलो असं तुला वाटेल, हे मनात आलं नाही.

चिटणीस म्हणतो, दोन मार्ग आहेत. खरं सांगायचं, तर तुझी नोंद मुळातच नाही. ती कोर्टाकडून नव्याने करून घ्यावी लागेल. नोव्हेंबर-डिसेंबर उजाडेल. दुसरा मार्ग जवळचा. मी आणि आत्याने न्यायाधीशांपुढे शपथेवर सांगायचं की आम्ही म्हातारे आहोत, गोंधळ झाला, ते मूल मेलंच नव्हतं. नोंद खोडली जाईल आणि आठ दिवसांत स्वच्छ दाखला मिळेल. दगडाची यादी रजिस्टरावरून जाते, म्हणजे तिथूनही नाव निघेल.

मी १६ ऑगस्टची तारीख घेतली आहे. शपथ घेईन. तू लग्नाची तयारी कर.

बाबा


अल्जिअर्स, ७ ऑगस्ट १९८६

बाबा,

काय लिहावं कळत नाही, म्हणून कामाचं तेवढं लिहिते.

१६ ला शपथ घ्या. दाखला टपालाने पाठवू नका, मी १९ ला स्वतः येऊन घेते. २० ला इथल्या खिडकीत देते. २४ टिकते.

पंचवीस वर्षं मी तिचा कागद घेऊन हिंडले. माझ्या पदविकेवर तिची तारीख आहे, ओळखपत्रावर तिची तारीख आहे. त्याची मला आज लाज वाटायला हवी असेल तर वाटू दे. पण मी तिला ओळखत नाही, बाबा. मला तिचं काही वाईट करायचं नाही. मला फक्त माझं लग्न हवं आहे.

मझियानच्या आईने काल पुन्हा वयाचं काढलं. मला हसू आलं. म्हणावंसं वाटलं, "खाला, मी पंचवीसचीच आहे, तुमच्या मुलाहून तीन वर्षांनी लहान." तोंडात आलेलं गिळलं. ती म्हणाली, "हसतेस काय? दात मोजायला दिलेत का?"

मझियानला अजून सांगितलेलं नाही. दाखला हातात आला की सांगेन.

तुम्ही राग धरला नव्हतात हे वाचून मला बरं वाटलं. बाकीचं नंतर.

नुआरा


ताला उझ्रू, १७ ऑगस्ट १९८६

नुआरा,

दाखला मिळाला नाही. दोष माझा आहे. झालं ते जसंच्या तसं सांगतो.

काल आम्ही सातच्या बसने निघालो. बसमध्ये आत्याला मी पुन्हा सगळं समजावलं. ती म्हणाली, "सांगशील ते बोलेन. माझ्या तोंडात खरा दात एकही उरला नाही, खरं बोलणं कशाला उरायला हवं?" पुढचा माणूस वळून बघायला लागला. मी तिला हळू बोलायला सांगितलं.

न्यायाधीश तरुण आहेत, तुझ्याएवढे असतील. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि समोर रजिस्टर उघडून नोंद मोठ्याने वाचली. "नुआरा, मुलगी, वडील बेलाईद, आई शाबहा, वय वीस महिने, ताप, छावणीत." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे काका, हे सगळं चुकीचं. असं मूल मेलंच नाही. बरोबर?"

बरोबर एवढंच म्हणायचं होतं. मी घरी म्हणून बघितलं होतं.

तिचं नाव कुणी असं सर्वांसमक्ष वाचलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आईच्या नावासकट. आत्याने मला कोपर मारलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. आत्या म्हणाली, "बरोबर आहे साहेब, तो म्हातारा झालाय, कानाने कमी ऐकतो."

मी म्हणालो, "मी नीट ऐकतो. ती मेली."

आत्याने कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "मग तुमची ती अल्जिअर्समधली मुलगी कोण?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "खोटी शपथ घेतली असती तर मी आज सही केली असती. आता नवा अर्ज लागेल, जन्माच्या वेळी हजर असलेली बाई लागेल, शाळेची कागदपत्रं लागतील. नोव्हेंबरच्या आत काही होणार नाही."

येताना घाट चढल्यावर आत्या म्हणाली, "मेलेलीला वाचवलंस. आता जिवंत आहे तिला काय सांगशील?"

मी तुला शब्द दिला होता. तो मोडला. माफी मागत नाही, कारण मागितली तर तुला द्यावी लागेल.

बाबा


अल्जिअर्स, २१ ऑगस्ट १९८६

बाबा,

१९ ला मी रजा काढली होती. बसचं तिकीटही काढलं होतं. पत्र १८ ला संध्याकाळी बसवाल्याने आणून दिलं.

मझियानला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझे वडील खरं बोलले, त्यांच्यावर ओरडू कसा?" मग उठून बाहेर गेला आणि दोन दिवस आला नाही.

कृपा करून मला पत्र लिहू नका.

नुआरा


ताला उझ्रू, १४ सप्टेंबर १९८६

नुआरा,

लिहू नको म्हणालीस, पण हे कामाचं आहे.

तुझ्या नावाने नवा अर्ज मी २३ ऑगस्टला दाखल केला. शाळेचा पहिल्या वर्षाचा सामूहिक फोटो मास्तरांच्या घरून मिळाला. त्यात तू पुढच्या रांगेत आहेस, समोरचे दोन दात पडलेले. न्यायाधीशांच्या कारकुनाने तो बघून म्हटलं, "ही दहा वर्षांची असेल तर मी सत्तरचा." फोटो जोडून घेतला. आत्याचा जबाब झाला. सुनावणी ८ नोव्हेंबरला, शनिवारी दहा वाजता. तुझी हजेरी लागेल. तू आली नाहीस तर पुढची तारीख मिळेल, अर्ज रद्द होत नाही.

दरवर्षीसारखं तेल नव्हे, यंदा सुकी अंजिरं आधी पाठवतो. बसवाल्याकडे देतो.

बाबा


अल्जिअर्स, २ ऑक्टोबर १९८६

बाबा,

अंजिरं पोहोचली.

मझियान ६ सप्टेंबरला एकटा गेला. विमानतळावर मी गेले नाही. जायचं ठरवलं होतं, कपडे घातले होते, पण त्याच्या सगळ्या नातेवाइकांत मी कोण म्हणून उभी राहणार? त्यानंतर आजवर त्याचं पत्र नाही. मी धरून चालले की संपलं.

काल त्याची आई औषधपेढीत आली. खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं साखरपुड्याच्या वस्तू परत मागायला आली. म्हणाली, "रक्तदाबाच्या गोळ्या दे, आणि तुझा बाप बहिरा आहे का ते सांग."

मी म्हटलं, "खाला, काय झालं?"

"गेल्या महिन्याच्या चार तारखेला दारात उभा. टोपी हातात. मी म्हटलं बसा, बसेना. कॉफी दिली, थंड करून ठेवली. मी वाट्टेल ते बोलले, हो. दोन नुआरा कसल्या, फसवाफसवी कसली, सगळं बोलले. ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुमचं बरोबर आहे.' अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मग मझियानला म्हणाला, 'मुलाने परदेशातून लग्न करायचं तर मुखत्यारपत्र चालतं. तुम्ही जाण्याआधी करून ठेवा, तुमचा भाऊ तुमच्या जागी उभा राहील. नाही केलंत तरी मी काही म्हणणार नाही.' दोघं गेले कुठल्याशा वकिलाकडे. तासाने आले. कागद माझ्या कपाटात आहे."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"त्यानेच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. पोरगी रागावलेली आहे, तिचा राग उतरला आणि तिने स्वतः कागद मागितला तर द्या, असं म्हणाला. मी महिनाभर गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प बसलेली नाही, त्यानेच रक्तदाब वाढला. तुला हवाय की नाही, एकदा सांगून टाक."

मी हवाय म्हटलं.

बाबा, माझा राग उतरलेला नाही. तुम्ही सगळी कामं माझ्या पाठीमागे करता. तिचं नाव दिलंत, मला न सांगता. तो कागद केलात, तोही मला न सांगता. मझियानला भेटायला अल्जिअर्सपर्यंत आलात आणि माझ्या खोलीपासून दोन रस्ते अलीकडून परत गेलात. जेवलात कुठे?

८ नोव्हेंबरला मी येते आहे.

नुआरा


ताला उझ्रू, ९ ऑक्टोबर १९८६

नुआरा,

बसस्थानकाजवळ सूप घेतलं. बरं होतं.

७ ला दुपारच्या बसने निघ, घाटात धुकं आधी येतं. दगडाचा कार्यक्रम १ नोव्हेंबरला आहे, त्यासाठी तू यायची गरज नाही. तुला रजा एकदाच मिळेल.

यापुढे काहीही केलं तरी आधी तुला कळवीन.

बाबा


अल्जिअर्स, २९ नोव्हेंबर १९८६

बाबा, सलाम.

निकालाची प्रत आली. नवा दाखलाही आला, आणि या वेळी मी पाकीट फोडल्या फोडल्या वाचला, दोन्ही बाजूंनी. समास कोरा आहे.

आज तो घेऊन नगरपालिकेत गेले. तोच कारकून होता. त्याने मला ओळखलं. "अरे, तुम्ही! उठून आलात?" म्हणाला. मग कागद वाचत गेला, मुखत्यारपत्र वाचलं, नवरदेव सोफियात आहे हे वाचून म्हणाला, "जुलैत नवरी मेलेली होती, आता नवरा गायब. तुमच्या लग्नाला हजर तरी कोण राहणार आहे, बाई?" रांगेतले हसले. मीही हसले, आणि या वेळी बाहेर येऊनही हसत होते. १४ डिसेंबर मिळाली. रविवार, सकाळी अकरा. मझियानने तिथून पुन्हा अर्ज केला आहे, त्यामुळे मुदत उलटली असली तरी लग्नाचं पुस्तक झालं की त्याचं खातं जानेवारीत माझं तिकीट देईल. तिथे खोली लहान आहे आणि खिडकी अंगणाकडे आहे, असं त्याने कळवलं आहे.

कोर्टातून आल्यापासून मी तुम्हाला लिहिलं नाही. बसथांब्यावर तुम्ही माझ्याजवळ उभे होतात तेव्हाही बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, अजून राग आहे. तसं नव्हतं.

न्यायाधीशांनी मला विचारलं की एका घरात दोन मुलींना एकच नाव कसं चालेल, बदलून घ्यायचं का. मी म्हटलं, "मोठीचे कपडे धाकटी घालतेच की, साहेब." ते मी वेळ मारून न्यायला बोलले होते. बोलून झाल्यावर कळलं की मी तिला पहिल्यांदा मोठी म्हटलं.

मग त्यांनी माझी जन्मतारीख विचारली. मला ठाऊक नव्हती. बाकी सगळं मी तुमच्याकडून पत्रात वाचलं होतं, पण हे तुम्ही लिहिलं नव्हतंत आणि मी विचारलं नव्हतं. आत्या म्हणाली, "तारखा मला येत नाहीत साहेब. ऑलिव्ह पाडून झाले होते आणि बकरी व्यायची होती." न्यायाधीश म्हणाले, "मग अंदाजे वर्ष लिहू या. १९६१ साली, एवढं पुरे."

तुम्हाला एरवी बोलतं करायला दहा प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही न विचारता उभे राहिलात. "एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे एकसष्ट," म्हणालात. "मंगळवार. दुपारच्या नमाजाआधी. पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही म्हणून सुईण तारेच्या पलीकडे उभी राहून ओरडून सांगत होती आणि माझी बहीण आत तसं तसं करत होती. मी मध्ये धावत होतो. मूल झालं तेव्हा पहारेकऱ्यानेही बंदूक खांद्याला अडकवली आणि विचारलं, मुलगा की मुलगी." आत्या म्हणाली, "हे खरं आहे साहेब, हा सारखा पायात येत होता." कारकून टंकायचा थांबला होता. न्यायाधीशांनी त्याला तारीख लिहायला सांगितली, आणि पुढे कंसात वारही लिहायला लावला.

आपल्या घरी ४ मे कधी कुणी पाळला नाही. मी समजत होते की आपल्याकडे वाढदिवस करतच नाहीत. पण दर हिवाळ्यात, बर्फ वितळायच्या आधी, तुम्ही शहरातून मला काहीतरी आणत होतात. एकदा रंगपेटी. एकदा तपकिरी बूट, ते मोठे झाले होते. पदविकेच्या प्रवेशाच्या वर्षी घड्याळ. दर वेळी "रस्त्यात दिसलं" म्हणायचात. कोर्टात बसल्या बसल्या मी ते सगळं आठवून बघत होते, कुठल्या वर्षी काय. बसथांब्यावर तुमच्याशी बोलायला गेले असते तर मला रडू आवरलं नसतं.

१४ तारखेला पालक म्हणून तुमची सही लागेल. ओळखपत्र आणा, गावसभेचा कागद नको. १३ लाच या. या वेळी दोन रस्ते अलीकडून परत जायचं नाही. मझियानच्या आईने जेवायला कुसकुस करायचं ठरवलं आहे आणि तुम्ही बसलाच पाहिजे असं तिने बजावलं आहे.

आणि एक. सही करण्याआधी खिडकीतून तो कारकून नवरीचा जन्म विचारतो. तुम्ही सांगा. मला तो तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचा आहे.

तुमची नुआरा